ज्ञानगंगा आणि बेहेऱ्यांच्या चुका

“आजपासून या कंपनीतलं कुठलंही ज्ञान कुठल्याही टेबलापाशी अडून राहणार नाही,” हिरण्य पेंट्सच्या मुख्य अधिकारी उत्तरा सबनीस यांनी जाहीर केलं. “माणसामाणसांतल्या भिंती आज आपण पाडल्या आहेत, आणि –”

आणि माइक बंद पडला.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या मुख्य कचेरीचं ते सभागृह तेव्हा भरलेलं होतं, आणि त्यात इंजिनियरांचा भरणा बराच होता. माइकची वायर कुठं सैल होते, बटण कुठं अडकतं, हे त्यांतल्या पाच-दहाजणांना तरी नक्की ठाऊक होतं. पण एकही माणूस जागचा हलला नाही. हे यंत्र आपण आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय अशा चेहऱ्यानं सगळे माइककडे बघत राहिले. सबनीसबाईंनी माइकवर टिचकी मारली, फुंकर घातली, आणि शेवटी भिंती पाडण्याचं उरलेलं काम घसा ताणून पूर्ण केलं. मागच्या रांगांपर्यंत ते पोचलं नाही. पुढच्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मागच्यांनी वाजवल्या, आणि मग सगळे वड्यांकडे वळले.

न उठण्यामागे आळस नव्हता, अनुभव होता. काही वर्षांपूर्वी अशाच एका सभेत प्रोजेक्टर रुसला, तेव्हा करखात्यातले गणू शिंत्रे भाबडेपणानं उठले आणि त्यांनी तो चालू करून दिला. शिंत्रे शिकलेले चार्टर्ड अकाउंटंट. कंपनीचा सगळा जीएसटी त्यांच्या खांद्यावर. पण त्या दिवसापासून कुठल्याही मजल्यावर प्रोजेक्टर अडला की “शिंत्र्यांना बोलवा.” रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशीसुद्धा शिंत्रे स्टुलावर उभे राहून वायर ओढताना दिसत. नव्या मुलांना तर ते प्रोजेक्टर खात्यातलेच वाटत. शिंत्र्यांकडे बघून सगळी कंपनी शहाणी झाली होती. ज्यानं ‘मला येतं’ म्हटलं, ते काम जन्मभर त्याच्या गळ्यात.

आणि अशा कंपनीत ‘ज्ञानगंगा’ अवतरली होती. तिला भूतलावर सांभाळण्याचं काम सुशांत बेहेरे यांच्याकडे आलं होतं.

ज्ञानगंगा म्हणजे फेसबुकसारखंच, पण कंपनीच्या आतलं. प्रत्येकानं आपल्या नावापुढं आपल्याला काय काय येतं ते लिहायचं. डोंबिवलीच्या कारखान्यात काही अडलं तर तिथल्या माणसानं गंगेवर प्रश्न टाकायचा, आणि ज्याला उत्तर ठाऊक असेल त्यानं, मग तो ठाण्यात असो, गुजरातेत असो की तमिळनाडूतल्या कारखान्यात, ते द्यायचं. कल्पना इतकी चांगली होती की तिच्याविरुद्ध बोलायला कोणाला काही सुचलं नाही.

लोकांनी आपापली माहिती भरली. बेहेऱ्यांनी ती एका दुपारी बसून वाचून काढली. ‘मला काय येतं’ या रकान्यात जवळजवळ सगळ्यांनी ‘नेतृत्व’ असं लिहिलं होतं. त्याखालोखाल ‘व्यूहात्मक विचार’. रोज अकराला येणाऱ्या एका गृहस्थांनी ‘वेळेचं नियोजन’ लिहिलं होतं. रंगाच्या त्या कंपनीत रंग कोणालाच येत नव्हता, नेतृत्व मात्र सगळ्यांना येत होतं.

गंगा काही कोरडी राहिली नाही. रोज सकाळी सूर्योदयाची चित्रं येत. देवगडच्या आंब्याच्या पेट्यांची ऑर्डर नोंदवली जाई. ‘दिवा स्टेशनजवळ वन-बीएचके भाड्यानं देणे आहे, पाणी एक दिवसाआड, शेजार उत्तम’ अशी जाहिरात तर चार वेळा आली, आणि तिच्याखाली पाण्याबद्दल बरीच सविस्तर चर्चाही झाली. फक्त रंगाबद्दल कोणी बोलत नव्हतं.

एका सकाळी मितेश भोईर बेहेऱ्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हा बेहेऱ्यांचा वरिष्ठ, वयानं मात्र पंधरा वर्षांनी लहान. कल्याणच्या बाजूला त्याच्या आजोबांची भातशेती होती तिथं आता त्याच्या घरच्यांचे तीन टॉवर उभे आहेत. नोकरी तो हौसेनं करी, आणि मन लावून करी. बेहेऱ्यांना तो ‘सर’ म्हणे. दोघांच्याही मनात या संबोधनाबद्दल अवघडलेपणा होता, पण आता बदलणार कसं?

“सर, नंबर्स बघितले?”

“बघितले.”

“लोकं आंबे विकतायत सर. आपल्या गंगेवर. आंबे!”

“हापूस आहे,” बेहेरे म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

“मॅडमनी पुढच्या महिनाअखेर रिव्ह्यू लावलाय. एक, फक्त एक खरा प्रॉब्लेम गंगेवर सुटलेला दाखवायला पायजे. नायतर गंगा बंद.”

“आणि मी?”

मितेशनं खुर्ची ओढली. वाईट बातमी उभ्यानं देऊ नये असं त्याच्या आजीनं त्याला शिकवलं असावं. “गुजरातच्या प्लांटला अ‍ॅडमिनला माणूस मागतायत. तुमचं नाव गेलंय, सर. मी नाय दिलं हां. वरून गेलंय.”

बेहेऱ्यांनी मान हलवली. घर डोंबिवलीत. मुलगी सान्वी यंदा दहावीत. बायको कल्पिता डोंबिवलीच्याच सहकारी बँकेत. वडील, विठ्ठलराव ऊर्फ अण्णा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वय एकोणऐंशी, आणि त्यांचं जग स्टेशनच्या पूर्वेकडच्या चार गल्ल्यांत मावणारं. हे सगळं उचलून गुजरातला कसं न्यायचं? आणि न न्यावं, तर शनिवारी रात्री येऊन रविवारी रात्री परत जाणारा बाप व्हायचं. मितेशला यातलं काहीच सांगण्यात अर्थ नव्हता. तो नुसता अजून वाईट वाटून घेतला असता.

“डोंबिवलीवाल्यांचा तो फिश-आयचा लोचा आहे ना, तोच टाका की सर,” जाता जाता मितेश म्हणाला.

लोचा खरा होता. पंख्यांच्या पात्यांना लावायचा पांढरा रंग वाळला की त्यावर बारीक बारीक गोल खड्डे पडत. रंगाच्या धंद्यात त्याला फिश-आय म्हणतात, माशाच्या डोळ्यासारखे दिसतात म्हणून. पंखेवाले माल परत पाठवत होते. बेहेऱ्यांनी फोटोसकट प्रश्न टाकला. खाली नम्रपणे लिहिलं, ‘जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.’

आठवडाभरात तो प्रश्न तीनशेवर लोकांनी पाहिला. बऱ्याचजणांनी अंगठा वर केला. एकानं लिहिलं, ‘ऑल द बेस्ट.’

रविवारी सकाळी घरात फणस आला. कोकणातून, कुणकेरीहून चुलतभावानं पाठवलेला, कोवळा, भाजीचा. बेहेरे विळी घेऊन बसले आणि त्यांनी बाल्कनीत पेपर वाचणाऱ्या अण्णांना विचारलं, “अण्णा, हा फोडायचा कसा? चीक लागतो ना?”

“मला म्हाताऱ्याला काय विचारतोस?” अण्णा पेपरातून म्हणाले. “तुमच्या मोबाइलला विचारा. त्याला सगळं येतं.”

कल्पिता ओट्याशी उभी होती. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही, फक्त आवाज जरा चढवला. “अहो, सोपं आहे. विळीला पाणी लावायचं. पाणी लावलं की चीक धरत नाही.”

बाल्कनीत पेपर खाली आला.

“पाणी?” अण्णा उभे राहिले होते. “फणसाला पाणी? अगं, तेल! तेल लावायचं! विळीला लावायचं, हाताला लावायचं, खाली कागद घालायचा. पाणी म्हणे! सरक रे तू. कोणी शिकवलं हिला?”

दहा मिनिटांत अण्णा मांडी घालून बसले होते, हात तेलानं माखले होते, आणि चीक कुठून निघतो, मधल्या दांड्याची पाव कशी काढायची, आठळ्या केव्हा टाकायच्या, याचं साग्रसंगीत निरूपण चाललं होतं. भाजीचा फणस चिरून पातेल्यात पडला.

बेहेरे ओट्याशी गेले. “तुला तेलाचं माहीत नव्हतं?” त्यांनी हळूच विचारलं.

कल्पितानं नवऱ्याकडे बँकेच्या काउंटरवरून बघावं तसं पाहिलं. “अण्णांना विचारायचं नसतं. त्यांच्यासमोर चुकायचं असतं. इतकी वर्षं मी या घरात काय करतेय असं वाटलं तुम्हाला?”

बेहेऱ्यांना इतकी वर्षं वाटत होतं की बायको जरा विसराळू आहे.

सोमवारी कचेरीत गेल्या गेल्या त्यांनी गंगा उघडली. आधीच्या नम्र प्रश्नाखाली स्वतःच्याच नावानं लिहिलं, ‘कारण सापडले. खड्डे दमट हवेमुळे पडतात. खोलीत हीटर लावावा. विषय संपला.’

‘विषय संपला’ हे त्यांनी शेवटच्या क्षणी घातलं. ते घालताना त्यांना अण्णा डोळ्यासमोर दिसत होते.

चहा यायच्या आत गंगेला पूर आला. तमिळनाडूच्या कारखान्यातून कोणी तरी चक्क ठळक अक्षरांत लिहिलं, की दमट हवेचा आणि खड्ड्यांचा काहीही संबंध नाही. गुजरातच्या एकानं त्या तमिळ गृहस्थांच्या कारणमीमांसेतली चूक काढली. डोंबिवली कारखान्यातल्या दोघांनी त्या गुजरातवाल्याला, तुम्ही आमच्या कंप्रेसरबद्दल बोलू नका, असं सुनावलं. सगळ्यांनी सुरुवात एकाच वाक्यानं केली होती. हे बेहेरे कोण?

तेवढ्यात एक बाई जिना चढून त्यांच्या टेबलापर्यंत आल्या. खाली खरेदी खात्यात बसणाऱ्या रसिका टिल्लू.

“तुम्हीच ना बेहेरे?”

“हो.”

“रंगातलं काय कळतं हो तुम्हाला?”

“काहीच नाही.”

“मग लिहिता कशाला?”

“दुसरं कोणी लिहीत नव्हतं.”

या प्रामाणिकपणानं टिल्लूबाई जरा गोंधळल्या आणि खुर्चीत बसल्या. “हे बघा. दमट हवेनं रंग पांढुरका पडतो, चमक जाते. खड्डे नाही पडत. खड्डे पडतात सिलिकॉननं. थेंबभर पुरतं अख्ख्या पिंपाला. कुठून तरी सिलिकॉन येतंय आत. हे मी लिहिलंय खाली. वाचा.”

“वाचतो. पण बाई, मी आठवडाभर विचारत होतो. तेव्हा का नाही सांगितलंत?”

“विचारत होतात, म्हणूनच नाही सांगितलं.” टिल्लूबाईंनी आवाज खाली आणला. “अहो, बारा वर्षं डोंबिवलीच्या लॅबमध्ये काढलीत मी. कशीबशी सुटून परचेसला आलेय. उत्तर दिलं असतं, तर उद्या म्हणाले असते, टिल्लूबाईंना येतं, पाठवा त्यांना परत. शिंत्र्यांचं काय झालं बघितलंत ना?”

“मग आज कसं लिहिलंत?”

“आज उत्तर कुठं दिलं मी?” त्या उठल्या. “आज तुमची चूक काढली. चूक काढणाऱ्याला कोणी काम देत नाही हो.”

कंपनीनं ज्या गोष्टीसाठी बाहेरून सल्लागार आणून सहा महिने बैठका घेतल्या, ती ही बाई जाता जाता सांगून गेली होती. तिच्या आधी कल्पितानं. तेही फणसावर.

दुपारी डोंबिवलीवाल्यांनी गंगेवर ठणकावलं, ‘आमच्या कारखान्यात सिलिकॉन येतच नाही.’ टिल्लूबाईंनी खाली उत्तर टाकलं, ‘येतं. डबे भरायच्या मशिनच्या साखळीवर मारायचा स्प्रे गुढीपाडव्यानंतर बदललाय. स्वस्त मिळाला म्हणून. ऑर्डर आमच्याच खात्यातून गेली आहे. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा.’ डोंबिवलीवाल्यांनी वाचलं. मग कोणाला काही न कळवता त्यांनी जुना स्प्रे परत आणला. पुढच्या आठवड्यातला पांढरा रंग असा सपाट वाळला, की त्यात बघून भांग पाडावा.

एक प्रश्न सुटला होता. बेहेऱ्यांना तिथंच थांबता आलं असतं. पण गंगेचा प्रवाह दोन दिवसांत पुन्हा आंब्यांकडे वळू लागला, आणि रिव्ह्यू अजून लांब होता. बेहेऱ्यांनी पुन्हा चूक केली. मग आणखी एक. त्यांनी लिहिलं, की पत्र्याला प्रायमर लावणं ही जुन्या लोकांची अंधश्रद्धा आहे. त्यांनी लिहिलं, की निळा रंग उन्हात सगळ्यात जास्त टिकतो, कारण आकाश निळं असतं. एकच पथ्य त्यांनी पाळलं. जी चूक कोणी खरी मानून केली तर त्याला इजा होईल, ती करायची नाही. बाकी मोकळीक. चुकीचं लिहिणं सोपं नसतं. दुसऱ्याला राग येईल इतकं चूक, पण हा चेष्टा करतोय असं वाटणार नाही इतकं बरोबर, असं काही तरी रोज सुचावं लागतं. बेहेरे संध्याकाळी रंगशास्त्राची पुस्तकं वाचू लागले. आयुष्यात कधी केला नव्हता इतका अभ्यास त्यांनी त्या महिन्यात केला, चुकण्यासाठी.

आणि ज्ञानगंगा दुथडी भरून वाहू लागली. ज्या माणसांनी नावापुढं नुसतं ‘नेतृत्व’ लिहिलं होतं ती जस्ताच्या पत्र्यावर तीन-तीन परिच्छेद लिहू लागली. तमिळनाडू आणि डोंबिवलीची तर मैत्री झाली. दोघांना मिळून बेहेऱ्यांना नावं ठेवायची होती. 

कीर्ती कारखान्याबाहेरही पसरली. एका संध्याकाळी डोंबिवलीत भाजी घेताना एका अनोळखी गृहस्थांनी त्यांना थांबवलं. हातात कोथिंबिरीची जुडी.

“तुम्ही बेहेरे ना? फोटो बघितलाय गंगेवर. मी इथल्या एमआयडीसीत, फेज टूच्या प्लांटला असतो. राग मानू नका हां साहेब, पण प्रायमर लावावाच लागतो. पत्रा कसा असतो सांगू, ही जुडी धरा जरा –”

आणि रस्त्यात उभं राहून, दोन्ही हातांनी, त्यांनी पत्रा कसा असतो ते सांगितलं. इतकं सुरेख सांगितलं की बेहेऱ्यांना जुडी परत द्यायचं भान राहिलं नाही.

घरी सान्वी म्हणाली, “बाबा, माझ्या मैत्रिणीचे पप्पा तुमच्या कंपनीत आहेत. ते म्हणाले, तुम्ही तिथं खूप फेमस आहात.”

“कशाबद्दल ते नाही म्हणाले?”

“म्हणाले. पण मी तुम्हाला नाही सांगणार,” सान्वी म्हणाली, आणि तिनं न मागता त्यांना पाण्याचा ग्लास आणून दिला. हे जास्त लागलं.

कल्पितानं रात्री विचारलं, “सांगून टाका ना सगळ्यांना, की मुद्दाम चुकता म्हणून.”

“सांगितलं तर उद्यापासून माझी चूक कोण काढेल? गंगा आटेल. गंगा आटली की गुजरात.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर मी मूर्ख ठरतो. मूर्ख माणसाला ठाण्यात कोण ठेवील? तरी गुजरातच.”

कल्पितानं विचार केला. “तिकडे फणस मिळतो का हो?” ती म्हणाली. बेहेऱ्यांनी ‘गुजरातेतून फणसाची निर्यात होते’ असं काही तरी चुकीचं बोलून बघितलं, पण आतल्या खोलीत अण्णा झोपले होते.

रिव्ह्यूच्या सकाळी मितेश लिफ्टपाशीच भेटला. “सर, गंगा सुपरहिट! पण एक लोचा झालाय.”

“काय?”

“मॅडमनी सगळं वाचलंय. पहिल्यापासून. काल रात्री मला फोन. ‘हा बेहेरे कोण?’ मी बोललो, आहेत आमचे. चांगले आहेत. मनानं.” मितेशनं मान खाली घातली. “सर, खरं विचारू? ते आकाशाचं, निळ्या रंगाचं... तुम्हाला तसं खरंच वाटतं?”

बेहेऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. या पोराला तरी सांगावं असं फार मनात आलं. पण मितेशच्या पोटात काही राहत नाही हे त्यांना ठाऊक होतं. “मला तसं वाटायचं,” ते म्हणाले. मितेशनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

सभागृहाच्या दाराशी सबनीसबाईंनीच त्यांना बाजूला घेतलं.

“बेहेरे, मी गुजरातला फोन केला होता. तुमच्या बदलीसंदर्भात.”

“हो, मॅडम.”

“तिथले प्लांट मॅनेजर म्हणाले, कोणालाही पाठवा, पण तो बेहेरे नको. त्याला प्रायमरसुद्धा कळत नाही. मग मी तमिळनाडूला विचारलं. ते जरा जास्तच स्पष्ट बोलले.”

“बरोबर आहे त्यांचं,” बेहेरे म्हणाले.

“म्हणजे तुम्हाला कुठेच पाठवता येत नाही. इथंच राहावं लागणार.” सबनीसबाईंनी चष्मा काढून पुसला. “माझे सासरे आहेत. नाशिकला असतात. त्यांना काही विचारलं तर सांगत नाहीत. तेव्हा तुम्ही करताय ते करत राहा. मला काही सांगू नका. मी काही विचारलेलं नाही.”

त्या आत गेल्या. सान्वीची दहावी, कल्पिताची बँक, अण्णांच्या चार गल्ल्या, सगळं होतं तिथंच राहिलं होतं. अब्रू तेवढी गेली होती, आणि ती नसल्यावर किती हलकं वाटतं याची बेहेऱ्यांना कल्पना नव्हती. ते आत जाऊन पहिल्या रांगेत बसले. आजूबाजूचे जरा सरकले.

प्रोजेक्टर लागेना म्हणून शिंत्र्यांना बोलावलं. तो लागल्यावर मितेशनं आलेख दाखवले, सगळे वर जाणारे. टिल्लूबाई मागच्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. कोणी नाव घेऊ नये म्हणून. कोणी घेतलंही नाही. ‘सांघिक यश’ असं म्हटलं गेलं, आणि त्यांनी श्वास सोडला.

मग सबनीसबाई उभ्या राहिल्या.

“तीन महिन्यांपूर्वी याच जागी मी म्हटलं होतं, की ज्ञान कुठल्याही टेबलापाशी अडून राहणार नाही. आज ते शब्द खरे झाले आहेत. आज या कंपनीत प्रत्येकाला ठाऊक आहे, की कोणाला काय येतं. आज आपण –”

माइक बंद पडला.

सगळं सभागृह पुन्हा त्या यंत्राकडे, ते आयुष्यात पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघू लागलं. सबनीसबाईंनी टिचकी मारली. फुंकर घातली. मग त्या व्यासपीठाच्या कडेशी आल्या, पहिल्या रांगेकडे वाकल्या, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या,

“बेहेरे, माइकबद्दल जरा काही तरी चुकीचं बोला ना. थोडं मोठ्यानं.”